वजन ७६ किलो, आणि वैद्य म्हणतात अस्थिक्षय! मग खायचं तरी काय?

शाळेचीबाई (सांगली)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, अर्धवट माहितीवर कुणी सल्ला देऊ नये म्हणून.

वय ५४, उंची पाच फूट, वजन ७६ किलो. प्राथमिक शाळेत शिकवते. पाळी ४६व्या वर्षी थांबली. थायरॉईडची गोळी चालू आहे. दिवाळीनंतर मोरीत पाय घसरला, हात टेकला आणि डावं मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) करायला लावली. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे २.७ आला. व्हिटॅमिन डी ११. त्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, कॅल्शियम आणि डी लिहून दिलं.

मग घरच्यांच्या आग्रहाने एका वैद्यांकडे गेले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, दोन्ही हातांची नखं उजेडात धरून पाहिली. केस गळतात का विचारलं (कंगवा भरून येतो). भूक विचारली, तर ती फार लागते, शाळेत साडेअकरा झाले की हातपाय थरथरतात. घामाचंही तसंच. मग कागदावर लिहिलं, "मेदवृद्धी, अस्थिक्षय, मज्जेकडे लक्ष." म्हणजे चरबी वाढलेली आणि हाडं झिजलेली. आणि डिंकाचे लाडू बंद, सकाळचं चमचाभर तूप बंद, दुपारची झोप बंद. त्याऐवजी ज्वारीची भाकरी, हुलग्याचं कढण, आणि महिनाभराने बस्ती (औषधाचा एनिमा).

सासूबाईंचं म्हणणं, हाडं ठिसूळ झाली की डिंक-खारीक-तूप वाढवायचं असतं, हे बंद कसलं करायला सांगतात? शेजारच्या वहिनी म्हणतात, आयुर्वेदाचं सुरू केलंस तर ती इंग्रजी गोळी सोड, उष्ण पडेल. आणि मला मुळातच कळत नाही की ७६ किलोच्या बाईला क्षय कसला? अंगात भरपूर आहे म्हणूनच तर वजन आहे ना?

वैद्य म्हणाले, शरीरातले धातू सम करायचे, म्हणजे नक्की काय करायचं असतं? वैद्यांकडे बाहेर रांग होती, त्यामुळे दोन वाक्यांपलीकडे बोलणं झालं नाही. कुणी जाणकार असतील तर मला समजेल असं सांगा.

रानजाई (चिपळूण)

बाई, सासूबाई काळजीनेच सांगतायत. माझी धाकटी बहीण बाळंतपणानंतर अगदी वाळून गेली होती, ४४ किलो. तिला आईने थंडीभर डिंक-अळिवाचे लाडू दिले आणि ती खरंच सावरली. पण तुमचं वजन बघता तिचा हिशेब तुम्हाला कसा लावायचा, ते मला सांगता येणार नाही. इथे एक वैद्यबाई अधूनमधून लिहितात, त्या वाचतील तर बरं.

वैद्य_कृष्णाकाठ

शाळेचीबाई ताई, मी आयुर्वेदाची वैद्य. कृष्णाकाठी तालुक्याच्या गावात बरीच वर्षं चिकित्सालय चालवते. न तपासता औषध सांगणार नाही. तुमच्या वैद्यांनी हे का लिहिलं असावं, तेवढं सांगते. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मनगट मोडलेलं आहे आणि टी-स्कोअर उणे २.७ आहे. अशा वेळी हाडांच्या डॉक्टरांची गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून सोडायची नाही. मी स्वतः माझ्या पेशंटला ती सोडायला सांगत नाही.

आता तुमचा प्रश्न, वजन आहे मग क्षय कसला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २१व्या अध्यायात अतिस्थूल माणसाचं वर्णन आहे. त्यात सरळ म्हटलंय की त्याच्या अंगात मेदच साठत जातो, बाकीचे धातू तसे वाढत नाहीत. त्याच ठिकाणी अतिस्थूलाचे आठ दोष मोजलेत. त्यांत दौर्बल्य आहे, घामाचा त्रास आहे, अति भूक आणि अति तहान आहे. तुमची साडेअकराची थरथर मला त्यातच बसलेली दिसते. चरक कारणही देतात. मेदाने वाट अडवली की वायू कोठ्यातच, म्हणजे पोटातच, जास्त फिरतो, अग्नी फुंकत राहतो, खाल्लेलं लवकर जिरतं आणि पुन्हा भूक लागते. म्हणजे माणूस खातो भरपूर, आणि ते खाल्लेलं ज्याला हवं त्याच्यापर्यंत पोचत नाही.

शरीर ज्यांनी बनतं त्या सात धातूंचा क्रम तुम्हाला माहीत असेल: रस, रक्त, मांस, मेद (चरबी), अस्थी (हाडं), मज्जा (हाडांतला गर), शुक्र. पहिल्यातून दुसऱ्याचं पोषण, दुसऱ्यातून तिसऱ्याचं. हे पोषण कसं होतं याचे तीन दृष्टांत परंपरेत आहेत. दुधाचं दही होतं तसं एका धातूचं दुसऱ्यात रूपांतर, हा एक. खळ्यावर उतरलेली कबुतरं आपापला दाणा टिपून आपापल्या अंतरावर जातात, हा दुसरा. तिसरा पाटाचा. आपल्या भागात ऊस आहे, म्हणून मी पेशंटला तोच सांगते. पाटाला पाणी सोडलं की आधी जवळचा वाफा भिजतो, मग पुढचा. मधला एक वाफा खोल खणला गेला तर पाणी त्यातच मुरत राहतं, शेवटचे वाफे कोरडे. तुमच्याकडे चौथा वाफा मेदाचा आणि पाचवा अस्थीचा. वरून कितीही पाणी सोडलं तरी आधी चौथाच पिणार. तुमच्या वैद्यांनी लाडू थांबवले ते या हिशेबाने असावेत.

वाग्भटांनी आपल्या अष्टांगहृदय या ग्रंथात हे अग्नीच्या भाषेत सांगितलंय. पुण्यात शिकत असताना त्याच्या सूत्रस्थानाचा ११वा अध्याय आमच्याकडून पाठ करून घेतला होता, आणि आजही रोज चिकित्सालयात त्याचा उपयोग होतो. जठरात जो अग्नी आहे त्याचेच अंश प्रत्येक धातूत असतात. धातूतला अग्नी मंद झाला की तो धातू वाढतो, फार पेटला की तो धातू झिजतो. मेदातला अग्नी मंद म्हणजे मेद नुसता साचतो, पुढच्या धातूला द्यायचा सकस भाग त्यातून नीट तयारच होत नाही. म्हणून स्थूल माणसात मेदवृद्धी आणि अस्थिक्षय एकाच कागदावर लिहिलेले दिसले तर त्यात विसंगती नाही.

नखं का पाहिली, तर केस आणि नखं हा अस्थीचा मल, म्हणजे टाकाऊ भाग, मानला आहे. अस्थिक्षयाच्या लक्षणांत दात, केस, नखं झडणं हे वाग्भटही सांगतात, चरकही. वाग्भटांनी हाडांत टोचल्यासारखं दुखणंही सांगितलंय. चरकांनी सांधे ढिले पडणं आणि थकवा घातलाय. मज्जेचं लिहिलंय ते त्याच्या पुढचं. मज्जा क्षीण झाली की हाडांत पोकळी येते असं वाग्भट म्हणतात. चरकांच्या शब्दांत हाडं दुबळी आणि हलकी होतात, झडून जात असल्यासारखी वाटतात. शिवाय वाग्भटांनी चक्कर आणि डोळ्यांपुढे अंधारीही सांगितली आहे. तुम्हाला चक्कर येते का, हे लिहिलेलं नाही. येत असेल तर वैद्यांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही सांगा. मोरीत पाय घसरण्यामागे तीही असू शकते.

आणखी एक गोष्ट फक्त अस्थीच्याच बाबतीत आहे. बाकीच्या धातूंचं त्यांच्यात राहणाऱ्या दोषाशी सरळ नातं असतं. रक्तात पित्त राहतं, रस-मांस-मेदात कफ राहतो. एक वाढला की दुसरा वाढतो, एकाला कमी करणारं औषध दुसऱ्यालाही कमी करतं. अस्थीत वायू राहतो, आणि या दोघांचं नातं उलटं. वायू वाढला की अस्थी झिजते. वयाचा शेवटचा भाग वायूचा. पाळी थांबल्यावर बाईच्या शरीरात कोरडेपणा वाढतो, झोप तुटते, सांधे वाजतात, हे आम्ही रोज बघतो. तुमची पाळी ४६व्या वर्षी थांबली, त्यामुळे हा काळ तुम्हाला तसा लवकर लागला.

आता खरी अडचण इथे आहे. वायू शमवायचा तर स्निग्ध, गोड, जड हवं. मेद उतरवायचा तर रूक्ष आणि हलकं हवं. दोन्ही एका ताटात कसं बसवायचं? म्हणूनच तुमच्या वैद्यांनी आधी महिनाभर मेदाकडे लक्ष दिलं आणि मग बस्ती ठेवली असं मला दिसतं. अस्थीच्या विकारांसाठी चरकांनी सूत्रस्थानाच्या २८व्या अध्यायात पंचकर्म, त्यातही बस्ती, आणि कडू द्रव्यांनी सिद्ध केलेलं दूध व तूप सांगितलंय. पक्वाशय, म्हणजे मोठं आतडं, हे वायूचं मुख्य घर, बस्तीने तिथे औषध थेट पोचतं. कडू रस मेद उतरवतो, आणि दूध-तुपाच्या संगतीत असल्यामुळे वायू भडकवत नाही. म्हणजे तूप तुम्हाला कायमचं बंद नाही. कोणतं तूप, कधी, कशाबरोबर, हे ठरवून मिळणार आहे.

माझ्याकडे अशी बाई आली की मी तिला स्टुलावर बसवते आणि दोन्ही हात छातीशी बांधून उठायला सांगते. पुष्कळ जणी अर्ध्यावर येऊन पुन्हा बसतात. मग दंड हातात घेऊन पाहते. वरून भरलेला दिसतो, पण बोटं दाबली की नुसता मऊपणा लागतो, आत मांसाचा घट्टपणा हाताला येत नाही. पोटऱ्यांचंही तेच. वजनाच्या काट्यावर हे दिसत नाही. अंगाने भरलेल्या बाईची हाडं दणकट असतात या समजुतीमुळे कितीतरी जणींची तपासणी हाड मोडेपर्यंत होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

रानजाई ताई, तुमच्या बहिणीला लाडू लागू पडले ते शास्त्राला धरूनच झालं. बाळंतपणात रस-रक्तापासून सगळंच उतरलेलं असतं. सारख्या गुणाच्या पदार्थाने सारखा गुण वाढतो हा नियम. तिच्या अंगात जे वाढायला हवं होतं तेच वाढलं.

निर्मळझरा (नाशिक)

मी एमडी मेडिसिन, खाजगी प्रॅक्टिस करतो. वैद्यबाईंनी गोळी न सोडण्याबद्दल पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, त्याबद्दल त्यांचे आभार.

टी-स्कोअर उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडं विरळ होऊ लागलेली, उणे २.५ आणि त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. त्यात उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलंय, म्हणजे पुढचं हाड मोडण्याचा धोका खरा आहे. मणका किंवा खुबा मोडला तर पुढचं आयुष्य बदलतं.

आठवड्याची गोळी कशी घ्यायची हे तुम्हाला कुणी नीट सांगितलंय का? सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. त्या अर्ध्या तासात चहा, दूध, काढा, कॅल्शियम, दुसरी गोळी, काहीही नाही, नाहीतर ती गोळी अंगाला लागतच नाही. थायरॉईडची गोळीही उपाशीपोटीच असते, म्हणून आठवड्यातल्या त्या एका दिवशी क्रम कसा ठेवायचा ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांत रोजच चार तासांचं अंतर हवं. आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या. थायरॉईडचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर त्यानेही हाडं झिजतात. डी ११ म्हणजे स्पष्ट कमतरता, ती आधी भरून काढायला हवी.

जास्त वजन आणि कमी स्नायू असा प्रकार आमच्याकडेही ओळखला जातो, म्हणून स्टुलावरच्या परीक्षेशी मी पूर्ण सहमत आहे. वजन उतरवताना मात्र उपाशी राहून उतरवू नका, त्यात स्नायू आणि हाडं दोन्ही जातात. उंचीला योग्य असेल त्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण एक ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत.

वैद्यबाई, एक प्रश्न मनापासून विचारतो. हिमोग्लोबिन मी मोजू शकतो, हाडाची घनता मोजू शकतो. धातू सम झाले, हे तुम्ही कशावरून ठरवता?

वैद्य_कृष्णाकाठ

डॉक्टर, प्रश्न रास्त आहे. सुश्रुतांनी निरोगी माणसाची जी व्याख्या केली आहे तीच आमची मोजपट्टी: दोष सम, अग्नी सम, धातू आणि मलांच्या क्रिया सम, आणि आत्मा, इंद्रियं, मन प्रसन्न. यात वजनाचा आकडा कुठेही नाही. धातूची समता आम्ही त्याच्या कामावरून पाहतो. भूक वेळेवर लागते का, थरथर थांबली का, शौचाला रोज आणि बांधून होते का, झोप लागते का, नवीन आलेलं नख मुळाशी गुळगुळीत आहे का, कंगव्यात केस कमी येतात का, स्टुलावरून एका दमात उठता येतं का.

पण हाड मोडण्याचा धोका किती, हे नखावरून ठरवता येत नाही. त्यासाठी डेक्साच. डेक्सातला आकडा आणि अस्थिक्षय या दोन गोष्टी एकच आहेत असंही मी म्हणत नाही. अस्थिक्षयाची लक्षणं असलेल्या तिशीतल्या मुलीची डेक्सा चांगली येऊ शकते, आणि एकही लक्षण नसलेल्या सत्तरीच्या आजींची वाईट. दोन्ही नोंदी मी केसपेपरवर वेगवेगळ्या ओळींत लिहिते.

काळाबद्दलही सांगायला हवं. सुश्रुतांच्या हिशेबाने रसापासून शुक्रापर्यंत पोचायला महिना लागतो, म्हणजे एका धातूत साधारण पाच दिवस. यावरून कुणी पेशंटला महिन्यात हाडं भरून देतो म्हणालं तर ते खरं मानू नये. तो हिशेब अन्नरसाच्या प्रवासाचा आहे. वर्षानुवर्षं झिजलेला धातू तेवढ्यात भरत नाही.

निर्मळझरा (नाशिक)

पटलं. जुनं हाड कोरून काढून त्या जागी नवं बसवायला शरीराला एका जागी काही महिने लागतात. म्हणून डेक्साही आम्ही वर्ष-दोन वर्षांनीच पुन्हा करतो.

मागावरचा_धागा (इचलकरंजी)

माझ्या मावशीचं सांगतो. गुडघे आणि कंबर दुखायची म्हणून तिने एका माणसाकडून हाडं भरून यायच्या पुड्या आणल्या. राखाडी रंगाची पूड, कागदात बांधलेली, नाव नाही, तारीख नाही. काही महिन्यांनी पोटात पिळवटून कळा, शौचाला होईना, अंग पांढरं पडलं. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं तर शिसं सापडलं. आता बरी आहे, पण फार सोसलं तिने. बाई, तुमच्या वैद्यांनी काय दिलंय ते नीट बघून घ्या. मला आयुर्वेदाबद्दल राग नाही, पण त्या पुड्या आठवल्या की अजून घाबरायला होतं.

वैद्य_कृष्णाकाठ

हे वाचून जीव कळवळला. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे शरीरात गेलेलं शिसं बहुतेक हाडांतच जाऊन बसतं. हाड भरायला म्हणून घेतलेली पूड हाडातच विष ठेवते, आणि पुढे हाड झिजू लागलं की ते पुन्हा रक्तात उतरू शकतं.

भस्म, म्हणजे खनिज किंवा धातू भाजून केलेली औषधी राख, हा आमच्या शास्त्राचा भाग आहे, मीही वापरते. पण ते कसं शुद्ध केलं, किती पुटं (भाजण्या) दिली, कुठे तयार झालं हे कळल्याशिवाय ते पोटात घालणं मला मान्य नाही. डब्यावर औषधाचं पूर्ण नाव, घटक, परवाना क्रमांक, बॅच, तयार केल्याची आणि मुदतीची तारीख हवी. बिल हवं. वैद्याने स्वतः करून दिलेलं औषध असेल तर त्यात काय आहे ते लिहून मागायचा तुम्हाला हक्क आहे. सांगायला टाळाटाळ झाली तर ते औषध घेऊ नका.

निर्मळझरा (नाशिक)

याला जोडून सांगतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली होती. साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, आणि त्यांत भारतात बनलेलीही होती, अमेरिकेत बनलेलीही. भस्मासारखं खनिज धातूचं औषध चालू असेल तर मी पेशंटला रक्तातलं शिसं आणि मूत्रपिंडाची तपासणी करायला सांगतो.

शाळेचीबाई (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. मी आत्ताच वैद्यांची चिठ्ठी पुन्हा बघितली. भस्म काही नाही. एक गुग्गुळाची गोळी आहे, डब्यावर सगळं छापलेलं आहे. आणि हो, चक्कर येते, सकाळी उठताना. ते मी दोघांनाही सांगणार आहे. आठवड्याची गोळी मी चहाबरोबर घेत होते! कुणी सांगितलंच नव्हतं.

पाटाचं उदाहरण सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण लाडवांचा डबा नणंदेकडे पाठवायचं ठरलं.

वैद्यबाई, आता जेवणाचं तेवढं सांगा. सकाळी चहा आणि खारी खाऊन मी शाळेत जाते, डबा दीड वाजता उघडते. ज्वारी आणि हुलगे म्हणजे दोन वेळा तेच का? आणि ज्वारी-हुलग्यांनी वायू नाही का वाढणार?

वैद्य_कृष्णाकाठ

शेवटची शंका अगदी योग्य ठिकाणी काढलीत. कोरडी भाकरी आणि कोरडी उसळ खाल्ली तर वायू वाढणारच. म्हणून भाकरी ताजी, गरम, आणि सोबत पातळ काहीतरी हवंच. तुमच्या वैद्यांनी उसळ न सांगता कढण सांगितलंय ते उगाच नाही.

हुलगे रात्री भिजत घाला. सकाळी चौपट पाण्यात अगदी बोटचेपे होईपर्यंत शिजवा, मग घोटून गाळा. वरच्या पाण्यात जिरं, लसूण, चार थेंब तेलाची फोडणी, दोन आमसुलं, सैंधव. गरम असतानाच वाटीभर प्यायचं. अंगात पित्त असेल, छातीत जळजळ होत असेल किंवा लघवीला आग होत असेल तर हुलगे उष्ण पडतात, तेव्हा त्याच रीतीने मुगाचं करा. स्थूल माणसासाठी चरकांनी सांगितलेल्या धान्यांत जव, मूग आणि कुळीथ (म्हणजे हुलगे) तिन्ही आहेत, त्यामुळे आलटून-पालटून चालेल.

खारी मात्र तुम्हाला माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करते. मैदा आणि वनस्पती तूप, त्यावर गोड चहा, आणि मग दीडपर्यंत पोट रिकामं. त्यात मेदाला हवं ते सगळं आहे आणि अस्थीला काहीच नाही. त्याऐवजी घरून निघताना नाचणीची आंबील घ्या, ताकातली, गूळ न घालता. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि तुमच्या वयाला दिवसाला हजार-बाराशे हवं. साडेअकराच्या सुट्टीत भिजवून वाफवलेले मूग किंवा मूठभर फुटाणे. दीड वाजता भाकरी, पालेभाजी, वाटीभर कढण किंवा घट्ट वरण, ताक. भाजीत शेवग्याचा पाला येऊ द्या, आपल्याकडे दाराशी झाड असतं आणि शेंगा काढून पाला आपण टाकून देतो. रात्रीचं जेवण आठच्या आत, दुपारपेक्षा कमी. तीळ भाजून चमचाभर, चावून खायचे, कुटून लाडू करून नाही. गुळाचा पाक आला की हात एकावर थांबत नाही.

चालणं रोज हवं, सकाळच्या उन्हात, सपाट रस्त्यावर. स्टुलावरून उठायचा सराव भिंतीजवळ करा, घरात कुणी असताना, आधी हात टेकून आणि मग हळूहळू हात सोडून. पुढे वाकून जड उचलायचं नाही, कळशी आणि मुलांच्या वह्यांचे गठ्ठे दुसऱ्याला उचलू द्या. मोरीत खरखरीत फरशी किंवा रबरी मॅट घाला, भिंतीला धरायला दांडी लावून घ्या.

दुपारची झोप मोडायला त्रास होईल. शाळेतून आल्यावर आडवं व्हावंसं वाटलं तर खुर्चीत टेकून बसा, पाय स्टुलावर. दिवसाच्या झोपेने कफ आणि मेद वाढतो, पण थकलेल्या शरीराला टेकू द्यायला काही हरकत नाही.

बस्तीच्या आधी वैद्यांना थायरॉईडची गोळी, आठवड्याची गोळी आणि चक्कर या तिन्ही गोष्टी पुन्हा आठवण करून सांगा. मूळव्याध असेल, शौचावाटे रक्त जात असेल तर तेही. बस्तीच्या दिवसांत शाळेला सुट्टी टाकता आली तर उत्तम, मे महिन्याची वाट बघू नका. उन्हाळ्यापेक्षा आत्ता थंडीत शरीर ती चांगली सोसेल. जाताना डेक्साची प्रत आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.

शाळेचीबाई (सांगली)

सोमवारी टीएसएच करते आणि मंगळवारी वैद्यांकडे जाते. हुलगे आत्ताच भिजत घातलेत.